अनसूयामाता आणि डोहाळजेवण

दत्तभक्तहो, आपल्या बावड्यात सुनेला सातवा महिना लागला की डोहाळजेवणाची यादी निघते. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, पाच सवाष्णी. ओटी भरायची वेळ आली की मात्र विधवा आजी आत चुलीपाशीच राहते. लेकरू नसलेली जाऊ आपणहून मागे सरते. मला हे फार खटकते.

दत्तजन्माची कथा आठवून बघा. अत्रिऋषी घरी नसताना तिन्ही देव अतिथी होऊन दारात आले आणि इच्छाभोजन मागू लागले. आले होते सत्त्व बघायला, तरी अनसूयामातेने त्यांना बाळे करून पोटाशी धरले. जिच्या मनात असूया नाही ती अनसूया. डोहाळजेवण तरी काय आहे? गर्भवतीचे इच्छाभोजनच ना? मग ओटी कोणाच्या हातची हवी, हेही तिलाच विचारावे.

नृसिंहवाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करायला सांगितले.

म्हणून थोरल्या मंडळींना माझे सांगणे : यंदा आजीला पहिली हाक मारा. तांदूळ, नारळ, खण तेच राहू द्या. जावेलाही पुढे बोलवा. आणि फोटोंच्या नादात पोरीला ताटकळत ठेवू नका, आधी जेवू घाला.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!