क्लास सुटला, आता टेस्ट कोण घेणार?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एकच प्रश्न घुमू लागतो. सीईटीला चांगले पर्सेंटाइल होते, बारावीला गणितात नव्वदच्या वर होते, मग एम-वनमध्ये केटी लागलीच कशी? घरचं निदान तयारच असतं: मोबाइल, मित्र, होस्टेल. कधीकधी ते बरोबरही निघतं. पण मोबाइल अकरावीतही हातात होता आणि मित्र तेव्हाही होते. मधल्या काळात एक गोष्ट आयुष्यातून गुपचूप निघून गेलेली असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

दर आठवड्याला होणारी क्लासची टेस्ट.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलाचा आठवडा क्लास चालवतो. कोणता धडा कधी, उजळणी कधी, पेपर कधी, चुकलेली गणितं पुन्हा कधी, सगळं ठरलेलं. ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर झालं ते अशाच कडक वेळापत्रकामुळे आणि सराव परीक्षांच्या माऱ्यामुळे. पालकांचा समज मात्र असा की यश मिळालं ते नोट्समुळे आणि सरांच्या शिकवण्यामुळे. मुलाचाही तोच समज. म्हणून कॉलेजात गेल्यावर तो नोट्स जमवतो, सिनियरकडून पीडीएफ मागतो, लोकल ऑथरची पुस्तकं घेतो, हायलायटरने पानं पिवळी करतो. टेस्ट तेवढी कोणी घेत नाही आणि ती आपण आपली घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. डोक्यात नेमकं किती शिल्लक आहे हे कळतं ते थेट विद्यापीठाच्या परीक्षेत.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही बैठकांत तो फक्त वाचला, पुन्हापुन्हा. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, कागद समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. खरी मेख याच्याही पुढे आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असा अंदाज आधीच विचारला होता आणि तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांना.

‘नाइट मारणाऱ्यांना’ यात आपलं समर्थन सापडेल आणि ते अगदीच चुकीचं नाही. सकाळच्या पेपरला रात्रीचं वाचन थोडंफार पुरतं. पण एम-टू एम-वनवर उभं असतं, डेटा स्ट्रक्चर्स पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगवर. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत समोरचा माणूस पॉइंटरबद्दल विचारतो तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचं काहीही हाताशी नसतं.

याला उपाय फारसा खर्चिक नाही. लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही बंद ठेवून कोऱ्या कागदावर आज काय झालं ते लिहायचं, मग वही उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भरायचं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मागच्या पाच वर्षांचे पेपर सगळेच जमवतात, पण बहुतेक जण प्रश्न वाचतात आणि लगेच शेजारचं सोडवलेलं उत्तर वाचतात. वाचताना सगळं पटत जातं आणि पटलं म्हणजे आलं असं वाटू लागतं. सीईटीने ही सवय आणखी पक्की केलेली असते. तिथे चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखायचा असतो. विद्यापीठाचा पेपर म्हणतो: सिद्ध करा, काढून दाखवा, आकृतीसह स्पष्ट करा. दोन वर्षं ओळखण्याचा सराव झालेल्या हाताला कोरं पान भरायची सवयच उरलेली नसते. म्हणून घड्याळ लावून, उत्तरं दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण पेपर लिहिण्याला पर्याय नाही. आठवड्यातून एक झाला तरी क्लासची टेस्ट परत आली म्हणायची.

गणितापुरती आणखी एक युक्ती आहे आणि ती बहुतेकांना मनापासून नकोशी वाटते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग दुसऱ्या प्रकाराला हात घातला. दुसऱ्या गटाला तीच गणितं सरमिसळ करून दिली. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, सरमिसळ करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवली की कोणती पद्धत वापरायची हे ठरवावंच लागत नाही. ती धड्याच्या मथळ्यातच दिलेली असते. पेपरात डिफरन्शियल इक्वेशन येतं तेव्हा ते एक्झॅक्ट आहे की लिनियर हे त्याच्या डोक्यावर छापलेलं नसतं. त्यामुळे चार युनिटमधली गणितं चिठ्ठ्या टाकून सोडवावीत. चुका वाढतील, चिडचिड होईल. ती होऊ द्यावी.

आता वेळेचा हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणानंतर घरोघरी ‘क्रेडिट’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे, पण त्यामागचं गणित फार थोड्यांनी मांडून पाहिलेलं असतं. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिकणं गृहीत धरलं आहे. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी वर्गात साधारण १५ तास होतात. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला वर्गात ६० तास आणि वर्गाबाहेर आणखी ६० तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर एका विषयाला आठवड्याला चार तास आणि असे चार विषय असले तर सोळा. कॉलेज सुटलं म्हणजे दिवस संपला असं समजणारा मुलगा अर्धाच अभ्यासक्रम शिकत असतो, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर असली तरी. आणि सबमिशनच्या आठवड्यात दुसऱ्याचं जर्नल उतरवण्यात जे तास जातात ते या सोळांत धरायचे नाहीत. त्याला सुलेखन म्हणतात.

पण नुसत्या तासांनी भागत असतं तर बर्कलीतलं कोडं पडलंच नसतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर १९७० च्या दशकात उरी ट्राइझमन हा गणिताचा तरुण संशोधक एका प्रश्नाच्या मागे लागला. कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होते, चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र उत्तम गुण मिळवत होते. प्राध्यापकांना विचारलं तर त्यांच्याकडे कारणं होती: पाया कच्चा, घरची गरिबी, पालकांचं लक्ष नाही, जिद्द कमी. आपल्याकडच्या स्टाफरूममध्येही ही यादी कोणाला नवी वाटणार नाही. ट्राइझमनने दोन्हीकडचे २०-२० विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास करतात कसा हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. एकही कारण टिकलं नाही. त्या कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेक जण आपापल्या शाळांतले हुशार विद्यार्थी होते, आईवडिलांनी त्यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास अभ्यासही होत होता.

फक्त तो एकट्याने होत होता. शाळेत एकट्याने अभ्यास करूनच ती मुलं पुढे आली होती, तीच शिस्त त्यांनी इथेही पाळली. चिनी मुलं आधी एकेकटी बसत, मग एकत्र जमत. एकमेकांची उत्तरं तपासत, जुने पेपर सोडवत, एकमेकांना प्रश्न विचारून भंडावत. एखादं गणित कोणालाच सुटलं नाही की ते गणितच अवघड आहे हे सगळ्यांना कळे. खोलीत एकटा बसलेला मुलगा त्याच गणितापाशी अडला की त्याला वाटे, आपल्यालाच येत नाही, आपण इथले नव्हेच.

ट्राइझमनने यातून जी कार्यशाळा सुरू केली ती कच्च्या मुलांची जादा शिकवणी नव्हती. छोटे गट आणि नेहमीपेक्षा कठीण गणितं, अशी तिची रचना होती. भाग घेणाऱ्यांतलं नापासांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांनी हा नमुना उचलला. ट्राइझमनला १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

बर्कलीतलं ते एकटेपण पुण्या-मुंबईच्या होस्टेलांतही सापडतं. तालुक्याच्या शाळेत पहिला आलेला मुलगा किंवा मुलगी शहरातल्या कॉलेजात येते, वर्गात सगळेच पहिले आलेले असतात, इंग्रजीतलं लेक्चर अर्धंच डोक्यात शिरतं आणि हात वर केला तर हसतील अशी धास्ती असते. गप्प बसणं सोपं वाटतं. अशा वेळी तीन-चार जणांचा गट फार कामाला येतो, पण एका अटीवर: प्रत्येकाने आपली गणितं आधी स्वतः करून आणायची. ही अट नसेल तर आईवडील ‘ग्रुप स्टडी’कडे ज्या संशयाने पाहतात तो रास्तच ठरतो. गटात संकल्पना मराठीत समजावून सांगावी, उत्तर इंग्रजीत लिहावं. समजावणाऱ्याची स्वतःची भोकं तिथेच उघडी पडतात. एआयसीटीईने पदविका आणि पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांची पुस्तकं मराठीतही तयार करून ‘ई-कुंभ’ पोर्टलवर मोफत ठेवली आहेत. आयआयटींनी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून चालवलेली ‘एनपीटीईएल’ची लेक्चर्सही फुकट आहेत. ती पाहण्याचा नियम मात्र वर सांगितलेलाच: दहा मिनिटं बघा, थांबवा, लिहून काढा. सलग तासभर पाहिलेलं लेक्चर ही करमणूक झाली.

पालकांनी यात काय करावं? अनेक घरांत पहिली हालचाल असते ती पहिल्या वर्षालाही क्लास लावण्याची. तो लावणं दर वेळी चूक असतं असं नाही, पण जी सवय मुलाने स्वतः लावून घ्यायची ती त्यामुळे आणखी वर्षभर पुढे ढकलली जाते. याबाबतीत जयंत नारळीकरांच्या लहानपणीची हकीकत पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वडील विष्णू नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, पण मुलाला त्यांनी समोर बसवून घोटून घेतलं नाही. घरात फळे लावून दिले. शिकायला म्हणून घरी राहायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी एक आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत. मग ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. पुढे हा भाचा केंब्रिजला रँग्लर झाला. सगळ्यांच्या घरी असा मामा नसतो हे खरं, पण उत्तर न सांगता प्रश्न तसाच राहू देण्याचा धीर कोणालाही दाखवता येतो. रात्रीच्या फोनवर ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नाला ‘हो’ इतकंच उत्तर मिळतं. ‘आज काय शिकवलं, मला समजेल असं सांग’ म्हटलं की बोलणं दहा मिनिटं चालतं आणि मुलाची उजळणीही होऊन जाते. आईला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नसेल तर फारच उत्तम, कारण तिला समजावायचं म्हणजे पारिभाषिक शब्दांच्या आड लपता येत नाही.

मदत मागणं हेही एक कौशल्यच, आणि बारावीपर्यंत त्याची गरजच पडलेली नसते. कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला बहुधा एक मेंटॉर नेमलेला असतो, त्याची गाठ अनेकांना थेट डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पडते. ‘सर, मला हा धडा समजला नाही’ यावर कोणते सर काय सांगणार? ‘या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, इथे चिन्ह का बदललं ते कळत नाही’ असं विचारणाऱ्याला पाच मिनिटांत उत्तर मिळतं. आणि प्रकरण अभ्यासापलीकडचं असेल, झोप उडाली असेल, खोलीबाहेर पडावंसं वाटत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. होस्टेलच्या दारामागे तो चिकटवून ठेवायला हरकत नाही.

विषय राहिलाच असेल तर एक काम लगेच करण्यासारखं आहे. निकालानंतर शुल्क भरून विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. बहुतेक जण ती रिव्हॅल्युएशनला चार मार्क वाढतील या आशेवर मागवतात. मार्क वाढोत न वाढोत, ती घेऊन विषयाच्या सरांकडे जावं आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावं: सूत्रच आठवलं नाही, पद्धत चुकीची निवडली, येत होतं पण पायऱ्या गाळल्या, वेळ संपली. या चार कारणांचे उपाय चार वेगळे आहेत. सूत्र न आठवणाऱ्याने कोरा कागद घ्यायचा, पद्धत चुकवणाऱ्याने सरमिसळ गणितं, पायऱ्या गाळणाऱ्याने आपला पेपर गटातल्या दुसऱ्याला तपासायला द्यायचा आणि वेळ न पुरणाऱ्याने घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायचे. ही यादी हातात आली की मग बॅकलॉगचा फॉर्म भरायचा.