पेन्शनीतले पंधरा रुपये

मास्तर निवृत्त झाला की गावात लोक विचारतात, "काय मास्तर, आता आराम ना?" आम्हालाही पुष्कळांनी विचारले. आम्ही हसून "हो" म्हणतो. दुसरे काय म्हणणार? पण आराम म्हणजे काय, हे ठरवायला वेळ लागतो. सकाळी दहा वाजले की पाय आपोआप शाळेकडे वळतात.

आज आपण अशाच एका निवृत्त मास्तरांची गोष्ट वाचू. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. घरचे आणि ओळखीचे लोक त्यांना अण्णा म्हणत. पुढे लोक त्यांना महर्षी म्हणू लागले. ते १९१४ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय होते ५६. ते वारले १९६२ साली. तेव्हा त्यांचे वय होते १०४. आता तुम्हीच हिशेब करा. छप्पन वजा केले तर किती उरले? अठ्ठेचाळीस. म्हणजे नोकरी केली त्याच्या दुप्पट वर्षे ते निवृत्त होते! एवढा मोठा आराम कोणाच्या वाट्याला येतो? पण अण्णांनी आराम केलाच नाही.

आधी थोडे मागचे सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल.

अण्णांचे गाव मुरूड. कोकणात, दापोली तालुक्यात, समुद्राकाठी. जन्म १८ एप्रिल १८५८ चा. घरची गरिबी. शिकायची मात्र फार हौस. सतरा वर्षांचे असताना, १८७५ साली, त्यांना परीक्षेला साताऱ्याला जायचे होते. मोटारी नव्हत्या. मग काय, सोबत्यांबरोबर चालत निघाले. डोंगर, घाट ओलांडून शंभर मैलांहून जास्त चालले. साताऱ्याला पोचले, आणि तिथले साहेब म्हणाले, "हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. याला बसू देऊ नका." झाले! अंगाने किडकिडीत, म्हणून परीक्षा हुकली. दुसरा कोणी असता तर पाटी फेकून शेतावर गेला असता. अण्णा पुन्हा अभ्यासाला लागले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. १८८४ साली बी.ए. झाले. म्हणजे वय वाढले म्हणून शिकणे थांबत नाही. तुम्ही रात्री कंदील लावून हे पुस्तक वाचता, तुम्हाला हे आम्ही काय सांगावे?

तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न लहानपणीच झाले होते. बायकोचे नाव राधाबाई. मुंबईत शिकवण्या करून ते संसार चालवीत. १८९१ साली राधाबाई वारल्या. मागे रघुनाथ नावाचा मुलगा राहिला. त्याच साली अण्णांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायची नोकरी मिळाली आणि ते पुण्याला आले.

वय तेहतीस, नोकरी चांगली. लोक म्हणाले, दुसरे लग्न करा. पुरुषाने दुसरे लग्न करायला तेव्हा कोणाची ना नव्हती. मुली तर दहा-बारा वर्षांच्या मिळत. पण बाईचा नवरा मेला, तर तिने मात्र दुसरे लग्न करायचे नाही. डोक्यावरचे केस काढायचे, एक वेळ जेवायचे, घरातल्यांचे काम उपसायचे आणि कोपऱ्यात बसायचे. आठ-दहा वर्षांची पोर असली तरी हेच. अण्णा म्हणाले, "लग्न केले तर विधवेशीच करीन." आणि तसे केलेही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. सगळे त्यांना बाया म्हणत.

मुरूड गावाला हे सहन झाले नाही. याच गावासाठी अण्णांनी पूर्वी फंड गोळा केला होता. त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णा गावात आले तर त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. त्यांची आई गावात होती, भाऊ होता. त्यांना किती त्रास झाला असेल! आईला भेटायचे म्हटले तरी चोरी. आमच्या मते, स्वतःला त्रास झालेला माणूस सोसतो. आपल्यामुळे आईला त्रास झालेला सोसणे फार कठीण.

१८९६ साली अण्णांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला. पुढे पुण्याबाहेर हिंगणे नावाच्या गावी जागा मिळाली. १९०० साली तिथे एक झोपडी बांधली. सगळा आश्रम त्या झोपडीत. दिवसा अण्णा कॉलेजात शिकवायचे. संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे आणि तिथल्या मुलींना शिकवायचे. सकाळी पुन्हा कॉलेजात. पावसाळ्यात वाट चिखलाची, रात्री अंधाराची. हल्ली त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. आता तिथे दिवसरात्र गाड्या धावतात.

आता घराकडे वळू. थोर माणसांच्या गोष्टीत घरातल्या बाईची बाजू कोणी सांगत नाही. आम्ही सांगणार.

अण्णा हातात येईल तो पैसा आश्रमाला देत. भविष्यासाठी त्यांनी विमा उतरवला होता. विमा म्हणजे काय, तर आपण जिवंत आहो तोवर थोडे थोडे पैसे भरायचे, आणि आपले बरेवाईट झाले तर बायकामुलांना एक रक्कम मिळते. तो विमासुद्धा अण्णांनी आश्रमाच्या नावे करून टाकला. बायांना हे पटले नाही. त्यांच्यापुढे रोजचा स्वयंपाक होता, मुले होती. उद्या नवऱ्याचे काही झाले तर पोरांनी खायचे काय? पुन्हा एकदा विधवा होऊन कोणाच्या दारात जायचे? एकदा ते भोगलेल्या बाईने ही भीती बोलून दाखवली तर तिचे काय चुकले? बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्या भांडल्या. आपली हकीकत त्यांनी "माझे पुराण" या पुस्तकात सांगितली आहे. नवऱ्याला लोक महर्षी म्हणतात म्हणून त्यात त्यांनी काही लपवून ठेवले नाही. बाया नुसत्या रडत बसल्या नाहीत, सुईणपणाचे शिक्षण घेतले आणि संसाराला हातभार लावला. आम्हाला विचाराल, तर अण्णांचे काम मोठे होते, पण बायांचे म्हणणेही खरे होते. अण्णांना जग दिसत होते. बायांना डब्यातले पीठ दिसत होते. दोघांची नजर एका घरात होती, म्हणून ते घर चालले.

बायांची एक बहीण होती, पार्वतीबाई आठवले. त्यांची गोष्ट तर तुम्ही जरूर लक्षात ठेवा. विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरी लहान मुलगा. लिहिणे-वाचणे जवळजवळ नाहीच. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला आल्या आणि शिकू लागल्या. पोरींच्या शेजारी बसून त्यांनी अक्षरे गिरवली. पुढे त्या आश्रमाच्या कामात पडल्या. गावोगाव फिरून त्यांनी आश्रमासाठी पैसे गोळा केले. सभेत उभे राहून बोलू लागल्या. आणि १९१८ साली, इंग्रजी शिकायचे म्हणून, एकट्या अमेरिकेला गेल्या! तिथे लोकांच्या घरी भांडी-स्वयंपाक करून राहिल्या. परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. हे ऐकून कोणी म्हणेल, "आमचे आता वय झाले," तर त्याला काय उत्तर द्यावे?

तर १९१४ साली अण्णा निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मुंबईच्या एका परिषदेत ते म्हणाले, "बायकांसाठी वेगळे विद्यापीठ पाहिजे." विद्यापीठ म्हणजे शिक्षणाची सगळ्यांत वरची पायरी. जपानात असे बायकांचे विद्यापीठ आहे, हे त्यांनी एका पुस्तिकेत वाचले होते. पुष्कळ शिकलेल्या लोकांना हे वेड वाटले. पण १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. सुरुवातीला विद्यार्थिनी किती, ठाऊक आहे? पाच! विद्यापीठ आणि पाच मुली! अण्णा पैसे गोळा करत देशभर फिरले. १९२० साली मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला दिले. तेच एस.एन.डी.टी. विद्यापीठ. मग ७१ व्या वर्षी, १९२९ साली, अण्णा युरोप-अमेरिकेला जाऊन आले, नंतर आफ्रिकेलाही गेले. तिथे मोंबासा गावी त्यांचा मुलगा शंकर डॉक्टर होता.

मुलांचे सांगायचे राहिलेच. थोरला रघुनाथ गणिताचा प्रोफेसर झाला. पोरे किती व्हावीत हे नवराबायकोने ठरवावे, असे तो उघड सांगू लागला. १९२१ साली त्याने मुंबईत त्यासाठी केंद्र काढले. लोक खवळले, कॉलेजची नोकरी गेली, त्याच्यावर खटले झाले. बापाने गावाचा बहिष्कार सोसला होता, लेकाने सगळ्या समाजाचा राग सोसला. आणखी एक मुलगा दिनकर फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. त्याची बायको इरावतीबाई मोठी विदुषी, पुस्तके लिहिणारी. धाकटा भास्कर आणि त्याची बायको कावेरीबाई यांनी हिंगण्याच्याच कामाला वाहून घेतले. म्हणजे बापाने पैसा ठेवला नाही, तरी पोरे काही वाया गेली नाहीत. बायांनी किती काटकसर केली, तेही यात धरा.

आता तुमच्याआमच्या जवळची गोष्ट.

१९३६ साल. अण्णा ७८ वर्षांचे. आश्रम चालू होता. विद्यापीठ चालू होते. कोणीही म्हणाले असते, आता पुरे. पण अण्णांच्या मनात एक गोष्ट सलत होती. आपण शहरातल्या बायकांसाठी केले, खेड्यांचे काय? तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळा होत्या, पण सगळ्या गावांत नव्हत्या. लहान वाडी, लहान गाव म्हटले की शाळा नाही. पोरे गुरांमागे. बापाचा अंगठा, पोराचाही अंगठा. सावकार लिहील तो आकडा खरा.

मग अण्णांनी नवी संस्था काढली. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. जिथे बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची, एवढेच तिचे काम. पैसा कुठून आणायचा? अण्णांना महिना ७० रुपये पेन्शन होती. त्यातले १५ रुपये ते दर महिन्याला या कामासाठी बाजूला काढू लागले. सत्तरातून पंधरा गेले, घराला पंचावन्न राहिले. वर्षाचे किती झाले? एकशे ऐंशी. हा हिशेब तुम्ही पाटीवर करून पाहा. आणि हेही पाहा, की पाचातला एक रुपयासुद्धा पुरता राहत नाही, त्याहून जास्त जातो. पेन्शनवाला माणूस महिन्याची एक तारीख कशी मोजत असतो, ते आम्हाला विचारा!

एवढ्याने शाळा चालत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. गणिताचेच मास्तर ते. म्हणून ते लोकांच्या दारोदार जात. ऐंशीच्या घरातला म्हातारा, अंगावर साधा कोट, डोक्याला पगडी, जिना चढून वर येतो आणि खेड्यातल्या शाळेसाठी थोडेसे मागतो. थोडे मिळाले तरी आनंद, नाही मिळाले तर नमस्कार करून पुढच्या दारी. पैसे देणाऱ्याला त्यांच्या तोंडाकडे पाहून लाज वाटत असेल, असे आमच्या मनात येते.

या मंडळाचे आणखी एक काम होते. ते मुलांचे नव्हते, मोठ्या माणसांचे होते. माणूस एकदा वाचायला शिकतो, पण पुढे हाती पुस्तक नसले की चार वर्षांत विसरतो. तसे होऊ नये, खेड्यातल्या मोठ्या माणसांनी वाचत राहावे, यासाठीही अण्णांची धडपड होती. हा धडा तुमच्या हाती आहे, तोही त्याच वाटेवरचा.

१९५० साली बाया वारल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. १९५३ साली रघुनाथ वारला. तेव्हा अण्णा ९५ वर्षांचे होते. बापाच्या डोळ्यांदेखत ७१ वर्षांचा मुलगा गेला. लांब आयुष्य मागणाऱ्याने हेही मागून घेतलेले असते.

१९५८ साली अण्णांना शंभर वर्षे झाली. सरकारने त्यांना भारतरत्न हा सगळ्यांत मोठा मान दिला. पोस्टाने त्यांचे चित्र तिकिटावर छापले. जिवंत माणसाचे चित्र स्वतंत्र भारताच्या तिकिटावर तोवर आले नव्हते. त्या साली कितीतरी गावांत पाकिटे गेली असतील, वर या म्हाताऱ्या मास्तरांचे चित्र, आणि खाली कोणी लिहायला शिकलेल्याने लिहिलेला पत्ता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांनी डोळे मिटले.