हत्यारांची पारख : सुतारकामाचा एक पाठ

बलुतेदारीच्या काळात बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्याला सुतारी हत्यारे विकत घेण्याचे फारसे कारण पडत नसे. नांगर, पाभर, बैलगाडी यांचे काम गावचा सुतार स्वतःच्या हत्यारांनी करी आणि सुगीत खळ्यावर आपले बलुते घेई. हत्यारांची पारख ही त्याच्या घराण्याची विद्या होती. ती व्यवस्था आता मोडली आहे. दाराची बिजागरी बसविणे, कुदळीला दांडा घालणे, फळी सरळ करणे ही कामे घरची माणसे करू लागली. त्यांसाठी हत्यारे बाजारातून घरात आली. पारख मात्र त्यांच्याबरोबर आली नाही. चकाकी पाहून घेतलेली पटाशी दुसऱ्याच दिवशी बोथट होते आणि पैसा वाया जातो. याहून मोठी हानी निराळीच आहे. बोथट हत्याराला जोर अधिक लावावा लागतो, ते निसटते आणि हाताला लागते.

१९३७ साली वर्धा येथे मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत हस्तोद्योगाला मध्यवर्ती स्थान होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचविले आहे. तेव्हा मुलांच्या हाती हत्यार देण्यापूर्वी ते पारखून घेणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

१. पोलादाची परीक्षा. पटाशीचे पाते पोलादाचे असावे. पोलादात कर्बाचे प्रमाण साध्या लोखंडाहून अधिक असते. म्हणून तापवून एकदम थंड केल्यास ते कठीण होते. असे पाते ठिसूळही होते, म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्यास चिवटपणा आणतात. यालाच पाणी देणे म्हणतात. दुकानदाराच्या संमतीने पात्याच्या कडेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. पाणी चांगले असल्यास कानस निसटते किंवा जेमतेम लागते. मऊ लोखंडात ती सहज रुतते. यंत्रावर धार लावताना पाते निळे पडले तर त्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

२. दांड्याची परीक्षा. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला धरून सरळ जात असावेत. आडवे तंतू किंवा गाठ असल्यास दांडा तेथेच मोडतो. या भागात सहज मिळणारी बाभूळ कठीण व चिवट असल्याने दांड्यास उत्तम. मात्र लाकूड पुरते वाळलेले असावे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत दांडा आकसतो व हातोडीचे डोके ढिले होते. पुष्कळ लोक अशी हातोडी पाण्यात बुडवून ठेवतात. त्याने लाकूड फुगते, पण लोखंडाच्या कोंडीत त्याचे तंतू दबतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा ढिला होतो. पाचर ठोकणे हाच खरा उपाय होय.

३. करवतीची परीक्षा. पाते हाताने किंचित वाकवून सोडावे. ते पूर्ववत सरळ झाले पाहिजे. नंतर दातांकडे टोकाकडून पाहावे. दात आळीपाळीने उजवीकडे व डावीकडे सारखेच झुकलेले असावेत. त्यामुळे कापाची फट पात्याच्या जाडीहून रुंद होते व करवत अडकत नाही. लाकूड उभे चिरण्यास मोठे दात लागतात. आडवे कापण्यास बारीक दात बरे.

४. गुण्याची परीक्षा. ही परीक्षा भूमितीच्या तासालाही घेता येईल. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर कोन ९० अंशांचा आहे. त्या फाकल्या, तर जेवढा कोन दोहोंत दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. मुलांनी ही परीक्षा स्वतः करावी. काटकोन ही वस्तू खरी की खोटी हे तपासता येते, असे त्यांच्या ध्यानी येईल.

५. किती व कोणती घ्यावीत? एका पेटीत वीस हत्यारे स्वस्तात मिळतात, पण त्यांतली बहुतेक गंजून जातात. घराला किंवा शाळेला आरंभी सहा पुरतात : करवत, हातोडी, पटाशी, लहान रंधा, गुण्या आणि धार लावण्याचा दगड, म्हणजे निसणा. यांतील निसणा लोक विसरतात. आणि त्यावाचून उत्तम पोलादही महिन्याभरात निकामी होते. पैसे थोडे असल्यास हत्यारे कमी घ्यावीत, हलकी घेऊ नयेत. मुलांच्या पहिल्या कामास आंब्याची मऊ फळी द्यावी. वाळलेली बाभूळ नवशिक्याच्या हाताला आवरत नाही.

६. निगा. काम संपताच पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात, तसेच नीरा डाव्या कालव्याकाठच्या ओलसर जागी, याची विशेष काळजी घ्यावी. पटाशी मुलांनी एकमेकांना देताना मूठ पुढे करावी. पटाशीने तासताना दुसरा हात कधीही पात्याच्या पुढे नसावा.

स्वाध्याय

१. घरातील एका हत्याराचा दांडा पाहा. तंतू कसे जातात ते चित्र काढून दाखवा.

२. शाळेतील गुण्या वरील रीतीने तपासा. दोन रेघांमध्ये ४ अंशांचा कोन दिसला, तर गुण्याची चूक किती?

३. गावातील वयोवृद्ध सुतारास भेटा. त्यांचे सर्वांत जुने हत्यार कोणते, त्याचा दांडा किती वेळा बदलला आणि धार किती दिवसांनी लावतात, हे विचारून लिहा. निरोप घेण्यापूर्वी त्यांच्याकडून निसण्यावर पाते कसे धरावे हे पाहून घ्या. ते लिहून पुरेसे कळत नाही.