नागिणीचा विळखा पुरा का होत नाही?

एखाद्याच्या कमरेवर किंवा छातीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठतो. आग होते, ठणका लागतो. घरातली वडील माणसे म्हणतात, "नागीण झाली. तिचे तोंड शेपटीला मिळाले, की माणूस हाती लागत नाही." विद्यार्थी मित्रहो, हे तुम्हीही ऐकले असेल. त्यात खरे किती, ते पाहू.

नागीण हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, आणि तो विषाणू म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू! कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून सगळा जात नाही. मज्जारज्जूच्या शेजारी संवेदना नेणाऱ्या पेशींचे गुच्छ असतात. त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली, म्हणजे तो जागा होऊन मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. इंग्लंडमधील सायरन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रोग्यांच्या नोंदी ठेवून १९६५ साली हा विचार मांडला. पुढे तो खरा ठरला.

आता विळख्याचे कोडे. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला एक उजव्या अंगाला जातो, दुसरा डाव्या. छातीवरचा मज्जातंतू पाठीच्या कण्यापासून बरगडीच्या कडेने पुढे येतो आणि मधोमध संपतो. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एखाद्या मज्जातंतूत जागा होतो. म्हणून फोडही तेवढ्याच पट्ट्यात उठतात. वाटच अर्धी, तर विळखा पुरा कसा होणार? प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रोग्याच्या अंगभर फोड पसरू शकतात. तेथे धोका असतो, पण तो तोंड-शेपटी मिळाल्यामुळे नव्हे.

खरा धोका वेळ घालवण्यात आहे. असायक्लोव्हिरसारखी औषधे विषाणूची वाढ रोखतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू झाली, तर त्यांचा उपयोग अधिक होतो. लेप आणि मंत्र यांत हे तीन दिवस निघून जातात. काहींना फोड सुकल्यावरही महिनोन्महिने ठणका सोसावा लागतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर दृष्टीला धोका असतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नागीण दुसऱ्याला लागते का? नागीण म्हणून लागत नाही. परंतु ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतील पाण्यापासून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवावेत. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. पन्नाशीपुढील माणसांसाठी आता नागिणीवर लसही मिळते.

तेव्हा घरात कोणाला असा पट्टा दिसला, तर त्याची टोके कोठवर आली हे मोजत बसू नका. पहिला फोड कधी उठला, ते विचारा आणि डॉक्टरांकडे चला.