कोपऱ्यावर लाटा का उठतात?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या घराचं बेसमेंट मी स्वतःच पूर्ण करतोय. ड्रायवॉल लावून झाली, पण बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर जॉइंट कंपाउंड लावलं की लाटा उठतात. काय चुकतंय?

उत्तर : आधी कॉर्नर बीड तपासा. बाहेरच्या कोपऱ्याला धातूची किंवा प्लॅस्टिकची ही पट्टी हवीच. तिची कड बोर्डापेक्षा किंचित वर असते. पात्याचं एक टोक कडेवर, दुसरं भिंतीवर टेकवा. मधली फट म्हणजे तुमची भरायची जागा. पातं पट्टीच्या पंखाला मध्येच अडलं, तर पट्टी वाकडी बसली आहे. काढून पुन्हा ठोका. कंपाउंडखाली हा दोष लपत नाही.

पहिला थर सहा इंची पात्याने भरा आणि पातं दोन्हीकडे टेकवून एका दमात वरून खाली ओढा. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो. ओला भाग पुन्हा पुन्हा घोटत बसतात, आणि मग लाटा येणारच! रेघ राहिली तर राहू द्या. वाळल्यावर खरवडता येते. दुसरा थर दहा इंची पात्याने, आधीच्याहून रुंद. तिसरा बारा इंचीने, अगदी पातळ. बादलीतल्या तयार कंपाउंडला दोन थरांमध्ये साधारण एक दिवस द्या, दमट बेसमेंटमध्ये जास्तच.

शेवटी बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरका टाका. उंचवटे दिसतील तिथेच १५० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय घासायला घेऊ नका.