जहाजाचे इंधन आणि गंधकाचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, एका सोप्या वाटणाऱ्या प्रश्नाने सुरुवात करू. एका तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, ३८० सेंटिस्टोक आहे. दुसऱ्या तेलाची ३ सेंटिस्टोक आहे. दोन्ही तेले समान वजनाने घेऊन मिसळली, तर मिश्रणाची श्यानता किती होईल? वर्गात हा प्रश्न विचारला की पुष्कळ हात वर होतात आणि उत्तर येते, १९१.५. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते थोडेथोडके चुकलेले नाही. खरे उत्तर सुमारे १६ आहे!

हा प्रश्न निव्वळ कोड्याचा नाही. जगभरची मोठी जहाजे आज जे इंधन जाळतात, ते बहुधा अशा मिश्रणातूनच तयार होते. मिश्रणाचा हिशेब चुकला तर भर समुद्रात इंजिन बंद पडते. रस्त्यावर मोटार बंद पडली तर ती ढकलून बाजूला घेता येते. एखाद्या अरुंद सामुद्रधुनीत, प्रवाहाच्या ओढीत सापडलेले लाखभर टनांचे जहाज कोण ढकलणार? म्हणून हा हिशेब आपण नीट समजून घेऊ.

गंधक कोठून येते?

खनिज तेलात गंधकाची संयुगे मुळातच असतात. शुद्धीकरण कारखान्यात तेल तापवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात, तेव्हा पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे हलके भाग वाफ होऊन वेगळे होतात. तळाशी काळा, घट्ट गाळा उरतो. त्याला अवशेष तेल म्हणतात. गंधकाची बरीच संयुगे जड रेणूंत अडकलेली असल्यामुळे ती या अवशेषातच साठतात. हे तेल स्वस्त असते आणि जहाजांची संथ गतीची प्रचंड डिझेल इंजिने ते जाळू शकतात. त्यामुळे जहाजांनी अनेक दशके तेच वापरले.

आता हे गणित पाहा. एक जहाज दिवसाला ५० टन इंधन जाळते आणि त्यात वजनाने ३.५ टक्के गंधक आहे असे समजू. म्हणजे रोज १.७५ टन गंधक जळते. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डाय-ऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणून गंधकाच्या दुप्पट वजनाचा वायू तयार होतो. एकाच जहाजातून रोज साडेतीन टन सल्फर डाय-ऑक्साइड! हवेतील बाष्पाशी संयोग होऊन त्याचे गंधकाम्ल बनते, सूक्ष्म कण बनतात आणि ते बंदराकाठच्या वस्तीतील माणसांच्या फुप्फुसांत जातात.

म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मर्यादा घातली. ती २००५ साली ४.५ टक्के होती, २०१२ पासून ३.५ टक्के झाली आणि १ जानेवारी २०२० पासून एकदम ०.५ टक्क्यावर आली. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा यांसारख्या खास क्षेत्रांत तर २०१५ पासून मर्यादा ०.१ टक्का आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. आपल्या उदाहरणातील जहाज ०.५ टक्क्याचे इंधन वापरू लागले, की रोजचा साडेतीन टन वायू अर्ध्या टनावर येतो.

पहिला हिशेब : गंधक

कमी गंधकाचे इंधन आणायचे कोठून? अवशेष तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून गंधक काढता येते, पण ती महाग पडते. मुळातच कमी गंधक असलेल्या खनिज तेलाचा अवशेष वापरता येतो. आणि तिसरा मार्ग म्हणजे जास्त गंधकाच्या तेलात कमी गंधकाची तेले मिसळणे. प्रत्यक्षात हे सर्व मार्ग एकत्र वापरले जातात.

गंधकाच्या बाबतीत मात्र निसर्ग आपल्याला अडचणीत टाकत नाही. गंधक नाहीसे होत नाही, वाढतही नाही. म्हणून सरळ बेरीज चालते. समजा, ३.५ टक्के गंधकाचे १०० टन तेल आहे आणि त्यात ०.१ टक्का गंधकाचे क्ष टन तेल मिसळून ०.५ टक्का साधायचे आहे.

१०० × ३.५ + क्ष × ०.१ = (१०० + क्ष) × ०.५

सोडवून पाहा. क्ष = ७५० येईल. शंभर टन जुन्या तेलासाठी साडेसातशे टन स्वच्छ आणि महाग तेल लागते!

प्रत्येक मापनात थोडी चूक असते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात. गंधकाचे मापनही त्याला अपवाद नाही. एकाच तेलाचे दोन नमुने दोन चांगल्या प्रयोगशाळांत दिले तरी आकडे किंचित वेगळे येतात. त्यामुळे आपले तेल मर्यादेत आहे याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर पुरवठादाराने मिश्रण बरोबर ०.५० टक्क्यावर न ठेवता सुमारे ०.४७ टक्क्यावर ठेवावे लागते.

आता ०.४७ टक्क्याचे हे चांगले तेल जहाजाने ४९० टन घेतले. पण टाकीच्या तळाशी ३.५ टक्क्याचे १० टन जुने तेल राहून गेले होते. जुन्या तेलात गंधक ३५० किलो, नव्यात २,३०३ किलो. एकूण ५०० टनांत २,६५३ किलो, म्हणजे ०.५३ टक्के! पन्नासाव्या हिश्शाच्या जुन्या तेलाने सगळी टाकी मर्यादेबाहेर गेली. २०२० पूर्वी जहाजांना आपल्या टाक्या धुऊन घ्याव्या लागल्या, त्याचे कारण हेच.

दुसरा हिशेब : श्यानता

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. आधी एक प्रयोग करा. सुई नसलेली १० घनसेंटिमीटरची पिचकारी घ्या, दट्ट्या काढून ती उभी धरा आणि तळाच्या भोकातून घट्ट काकवी वाहून जाण्यास किती वेळ लागतो ते मोजा. मग पाण्याचा वेळ मोजा. शेवटी निम्मी काकवी आणि निम्मे पाणी चांगले ढवळून त्याचा वेळ मोजा. मिश्रणाचा वेळ दोन्ही वेळांच्या मध्यावर येणार नाही. तो पाण्याच्या वेळाकडे कितीतरी अधिक झुकलेला असेल.

असे का? घट्ट द्रवात मोठे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्यामध्ये पातळ द्रवाचे लहान रेणू शिरले, की हा गुंता झपाट्याने सैल होतो. थोड्या पातळ तेलाचाही परिणाम मोठा होतो. म्हणून श्यानतेची सरासरी काढून चालत नाही. तेलांच्या बाबतीत चालणारा एक व्यावहारिक नियम असा आहे : श्यानतेत ०.८ मिळवा, त्याचा नैसर्गिक लघुगणक घ्या, त्या उत्तराचा पुन्हा नैसर्गिक लघुगणक घ्या आणि मग सरासरी काढा. ३८० साठी हे मूल्य १.७८ येते, ३ साठी ०.२९ येते. सरासरी १.०३५. तेथून उलट मागे आलो, की उत्तर मिळते सुमारे १६ सेंटिस्टोक.

इंजिनरूममधल्या माणसाला याचे काय? इंजिनात फवारताना इंधनाची श्यानता साधारण १० ते १५ सेंटिस्टोक असावी लागते. ५० अंश सेल्सिअसला ३८० सेंटिस्टोक असलेले तेल त्यासाठी १३० ते १४० अंशांपर्यंत तापवावे लागते. वरील मिश्रण मात्र जेमतेम पन्नास-साठ अंशांवरच तेवढे पातळ होते. सवयीने ते १३५ अंशांपर्यंत तापवले, तर ते फारच पातळ होऊन इंधनपंपातील वंगण जाईल आणि पंप घासतील. उलट काही मिश्रणांत मेणाचे प्रमाण जास्त असते. ती थंड हवेत टाकीतच थिजू लागतात. नाव एकच, ‘कमी गंधकाचे इंधन’. पण प्रत्येक बंदरातील मिश्रणाचा स्वभाव निराळा असतो.

बेरजेत न बसणारा गुण

गंधकाची सरळ बेरीज होते, श्यानतेची वाकडी का होईना पण बेरीज होते. तिसऱ्या गुणाची बेरीजच होत नाही. तो गुण म्हणजे मिश्रणाची स्थिरता.

अवशेष तेलात अ‍ॅस्फाल्टीन नावाचे फार मोठे, जड रेणू असतात. ते तेलात विरघळलेले नसतात, तर सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतात. अशा मिश्रणाला आपण कलिल म्हणतो. दूध हेही कलिलच. अ‍ॅस्फाल्टीनच्या कणांभोवती रेझिनांचे आवरण असते आणि भोवतीच्या तेलात वलयी रचनेची, म्हणजे अ‍ॅरोमॅटिक, संयुगे भरपूर असतात. त्यामुळे ते कण एकमेकांपासून दूर राहतात. अशा तेलात सरळ साखळीच्या पॅराफिन संयुगांचे तेल ओतले की हा आधार सुटतो. कण एकमेकांना चिकटतात आणि काळा, चिकट गाळ खाली बसतो.

दूधही चांगले आणि लिंबूही चांगले; पण एकत्र आले की दूध नासते. येथील रसायन निराळे आहे, पण गोष्ट तशीच. चाचणीत उत्तम ठरलेली दोन इंधने एकाच टाकीत घातली, तर गाळ होऊ शकतो. तो गाळण्या बुजवतो, इंधन इंजिनापर्यंत पोचत नाही आणि इंजिन थांबते. गंधक कमी असलेली पुष्कळ तेले पॅराफिनप्रधान असतात, म्हणून हा धोका २०२० नंतर अधिक महत्त्वाचा झाला. नवे इंधन शक्यतो रिकाम्या टाकीतच घ्यावे, हा त्यावरचा साधा उपाय.

याची परीक्षाही साधी आहे. दोन्ही तेलांचे तापवलेले मिश्रण ढवळून त्याचा एक थेंब गाळण-कागदावर टाकतात आणि कागद १०० अंशांच्या भट्टीत ठेवतात. डाग सगळीकडे सारखा पसरला तर मिश्रण स्थिर आहे. मध्यभागी गडद कडे किंवा काळा ठिपका उमटला तर गाळ सुटतो आहे. शाईचा थेंब टिपकागदावर टाकून रंग वेगळे होताना तुम्ही पाहिले असेल. तत्त्व त्याच्याच जवळचे आहे.

डोळ्यांना न दिसणारे खडे

मिश्रणात वापरल्या जाणाऱ्या काही तेलांबरोबर आणखी एक पाहुणा येतो. जड रेणू तोडण्यासाठी कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडांचे उत्प्रेरक वापरतात. त्यांचे काही मायक्रोमीटर व्यासाचे कठीण कण तेलात राहून जातात. ते सिलिंडरच्या भिंतीत रुतून सँडपेपरसारखे धातू घासतात. जहाजांच्या नेहमीच्या जड इंधनात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पण इंजिनात शिरण्यापूर्वी ते १५ च्या आत आणावे लागते.

येथे स्टोक्सचा नियम मदतीस येतो. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, घनतांच्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण लहान करणे-मोठे करणे आपल्या हाती नाही. म्हणून श्यानता कमी करण्यासाठी तेल सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवतात आणि गुरुत्वाऐवजी केंद्रोत्सारी यंत्रातील हजारो पट मोठ्या प्रेरणेने कण बाहेर काढतात.

बार्जवरून जहाजावर

सिंगापूर हे जहाजांना इंधन पुरवणारे जगातील सर्वांत मोठे बंदर आहे. तेथे वर्षाला सुमारे पाच कोटी टन किंवा त्याहून अधिक इंधन विकले जाते. छोटी टाकीनौका, म्हणजे बार्ज, जहाजाला लागते आणि जाड नळीतून तेल चढवले जाते. तेल किती आले, हे टाकीतील पातळी मोजून ठरवण्याची जुनी पद्धत होती. तिच्यात दोन खोटी आहेत. एक, गरम तेल प्रसरण पावते. म्हणून १५ अंशांच्या घनतेवर हिशेब नेऊन वजन काढावे लागते. दुसरी, तेलात हवा मिसळली की ते फेसाळते आणि पातळी फुगते. उसाच्या रसाचा पेला फेसाने भरून दिला तर रस किती मिळाला?

त्यावर भौतिकशास्त्राने उपाय दिला. कंप पावणाऱ्या वाकड्या नळीतून द्रव वाहू लागला की कोरिऑलिस परिणामामुळे नळी किंचित पिळते आणि तो पीळ वाहणाऱ्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. हे यंत्र आकारमान नव्हे, थेट वस्तुमान मोजते. सिंगापूरने जड इंधनाच्या पुरवठ्यासाठी १ जानेवारी २०१७ पासून अशी मापके सक्तीची केली.

इंधन चढत असताना थेंब थेंब गोळा करून एक नमुना सीलबंद करतात आणि तो निदान बारा महिने जपून ठेवतात. पुढे वाद झाला, तर तोच साक्षीदार.

जे शोधलेच नाही ते

आता एक गंभीर गोष्ट. २०२२ च्या सुरुवातीस सिंगापूर येथे सुमारे २०० जहाजांना दूषित इंधन मिळाले. त्यांपैकी सुमारे ८० जहाजांच्या इंधनपंपांत व इंजिनांत बिघाडाच्या तक्रारी आल्या. हे तेल जास्त गंधकाचे होते. धूर पाण्याने धुण्याची यंत्रणा बसवलेल्या जहाजांना ते वापरता येते. पण धडा दोन्ही प्रकारच्या इंधनांना लागू आहे. त्या तेलात क्लोरिनची सेंद्रिय संयुगे निघाली. नेहमीच्या चाचण्यांत घनता, श्यानता, गंधक, पाणी, गाळ हे सर्व पाहतात. ही संयुगे कोणी शोधतच नव्हते. म्हणून ती सापडलीही नव्हती. २०२४ साली इंधनाचे आंतरराष्ट्रीय मानक सुधारले, तेव्हा त्यांच्यावरही मर्यादा घालण्यात आली.

मित्रांनो, ‘०.५ टक्का’ हा आकडा बंदराकाठच्या हवेसाठी फार मोलाचा आहे. पण तो इंधनाच्या एकाच गुणाविषयी बोलतो. बाकीच्या गुणांविषयी तो गप्प आहे. दोन वस्तू मिसळताना कोणता गुण बेरजेने मिळतो, कोणता वळण घेतो आणि कोणता बेरजेत बसतच नाही, हे आधी विचारावे. जहाजावर या प्रश्नाच्या उत्तरावर वीस-पंचवीस माणसांचा जीव अवलंबून असतो.

सोडवून पाहा

१. १.५ टक्के गंधकाचे २०० टन तेल आहे. त्यात ०.१ टक्का गंधकाचे किती टन तेल मिसळावे, म्हणजे मिश्रणात ०.४७ टक्के गंधक राहील?

२. २० मायक्रोमीटर व्यासाचा कण टाकीच्या तळाशी बसण्यास १ तास लागतो. त्याच टाकीत, त्याच पदार्थाच्या ५ मायक्रोमीटर व्यासाच्या कणाला किती वेळ लागेल?

(उत्तरे : १. सुमारे ५५७ टन. २. १६ तास.)