जुन्या ट्रकला जुने इंजिन घेताना



ऊस तोडल्यापासून 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही शेतकी खात्याची मंडळी दर हंगामात सांगत असतो. तोडलेल्या उसाचे वजन घटते आणि त्यातल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागते. उन्हाळ्यात तर हे झपाट्याने होते. अशा वेळी भरलेल्या ट्रकचे इंजिन रस्त्यातच धरले, तर नुकसान एकट्या ट्रकमालकाचे होत नाही. फडात तोडून पडलेल्या उसाचेही होते. आपल्या बऱ्याच सभासदांचे जुने ट्रक वाहतुकीला असतात. त्यांच्यासाठी हा पाठ.

बदलायचे की दुरुस्त करायचे?

धूर सोडतो, तेल खातो, ओढत नाही, एवढ्यावरून इंजिन मोडीत काढू नये. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलून बहुतेक इंजिने पुन्हा उभी राहतात. ब्लॉक फुटला, क्रँक तुटला किंवा घासून घासून शेवटच्या मापाला आला, तरच दुसरे इंजिन बघावे. हिशेब करताना नुसती इंजिनाची किंमत धरू नका. मुंबईहून आणण्याचे भाडे, गॅस्केट, क्लच प्लेट, तेल आणि मिस्त्रीची मजुरी त्यात मिळवा. ही बेरीज आपल्याच इंजिनाच्या दुरुस्तीजवळ जात असेल, तर आपलेच बरे. त्याने काय काय सोसले आहे ते आपल्याला ठाऊक असते.

आकडा नीट वाचा

टाटाच्या जुन्या इंजिनांच्या आकड्यातच माप असते. 692 म्हणजे 6 सिलिंडर, बोअर 92 मि.मी. 697 म्हणजे 6 सिलिंडर, बोअर 97 मि.मी. 497 म्हणजे 4 सिलिंडर, बोअर 97 मि.मी. पहिल्याची क्षमता सुमारे 4.8 लिटर, दुसऱ्याची सुमारे 5.7 लिटर. तेव्हा ‘टाटाचेच आहे, बसेल की’ या बोलण्यावर जाऊ नका. फाउंडेशन, फ्लायव्हील हाउसिंग, गिअरबॉक्सची भोके, तेलाच्या चेंबरचा आकार, पंख्याची जागा, सगळे टेप लावून मोजा. आपल्या इंजिनाचे फोटो आणि आर.सी. बुकाची प्रत जवळ ठेवा. देशभर 2017 साली बी.एस.-4 आणि 2020 साली बी.एस.-6 नियम लागू झाले. अशा नव्या गाड्यांची इंजिने संगणकाशी जोडलेली असतात. त्यांची अदलाबदल हा वेगळा विषय आहे. इथे सांगितले आहे ते साध्या पंप-नोझलच्या इंजिनाबद्दल.

मुंबईत कुठे बघावे?

आपल्याकडच्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी पूर्वी लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. 1982 च्या संपानंतर पुष्कळ जण गावी परतले, तरी पाहुणे-रावळे अजून तिथे आहेत. दादरला उतरून त्यांच्याकडे मुक्काम करावा आणि दोन दिवस हाताशी ठेवावेत.

कुर्ला पश्चिमेचा भंगार बाजार ट्रकच्या अख्ख्या इंजिनासाठी आधी बघावा. लालबागच्या पूर्वेला, रे रोड स्टेशनजवळ दारूखाना आहे. तिथे तोडलेल्या जहाजांचा माल येतो. जहाजावरचे किंवा जनरेटरचे इंजिन स्वस्त दिसले तरी त्याचा गव्हर्नर, हाउसिंग आणि थंड करण्याची व्यवस्था वेगळी असते. ट्रकला ते घेऊ नका. ग्रँट रोडहून चालत चोर बाजार गाठता येतो. तिथे सुटे भाग मिळतात, पण शुक्रवारी नेहमीची दुकाने बंद असतात. भेंडी बाजार भागात नवीन बांधकामामुळे दुकाने हललेली आहेत, म्हणून पत्ता विचारून जा. नव्या रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट यांसाठी गिरगावला लागून ऑपेरा हाऊस भागात मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत.

तपासणी

आपला मिस्त्री बरोबर न्या आणि दिवसाउजेडी बघा.

1. ब्लॉकवरचा इंजिन नंबर आधी बघा. जागा घासलेली किंवा आकडे वेडेवाकडे ठोकलेले असतील, तर तिथूनच मागे फिरा.
2. ताज्या रंगाला भुलू नका. रंगाखाली भेग आणि वेल्डिंग लपते. पाण्याच्या जागा आणि बेअरिंगच्या टोप्यांजवळ खरवडून बघा.
3. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडकता कामा नये. प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला जाणवला पाहिजे.
4. तेल काढून बघा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले, हेड किंवा गॅस्केट गेलेले. तेलात चमकणारी कीस म्हणजे बेअरिंग खाल्लेले.
5. चेंबर उघडून क्रँकचे माप घ्या. स्टँडर्ड आहे की 10, 20, 30 थाऊ घासलेला, हे मापल्याशिवाय कळत नाही.
6. हेड काढू देत असतील, तर लायनरच्या वरच्या कडेला नख फिरवा. नख अडले, तर तिथे पायरी पडली आहे.
7. शक्य तर चालू करून घ्या. निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा धूर म्हणजे पंप-नोझल बघा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर पाण्याचा संशय घ्या. तेलाचा दाब गरम इंजिनावरच बघा.

कागद

पक्के बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या मोडीच्या कागदाची प्रत मागा. न चालल्यास परत घेण्याची बोली तोंडी ठेवू नका, तीही बिलावर लिहून घ्या. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यावर 14 दिवसांच्या आत आर.टी.ओ. ला कळवून आर.सी. वर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला आणि विमा कंपनीलाही कळवा. नंबर जुळला नाही, तर पासिंग अडते आणि अपघातात दावाही अडकतो. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे वाटण्याला कारण असताना तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन पैसे स्वस्त मिळाले म्हणून बिनकागदाचे इंजिन घेणे ट्रकमालकाला परवडणारे नाही.

केव्हा घ्यावे?

कारखाना बंद झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. पाऊस लागला की उघड्यावरच्या इंजिनांत पाणी शिरून बोअर गंजतात, आणि ऐन हंगामात गेलात तर गरज बघून भाव चढतो. पावसाळ्यात इंजिन बसवून, नोंद करून, रिकामी गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवून घ्या. तेल बदला, हेडचे नट मिस्त्रीकडून पुन्हा आवळून घ्या. मगच पहिली खेप भरा.

— ऊस विकास अधिकारी